संगणकाच्या भाषेचें शुद्धिपत्र



जुन्या मराठी पुस्तकांच्या शेवटीं शुद्धिपत्र नांवाचें एक पान जोडलेलें असे. पृष्ठ अमुक, ओळ अमुक, अशुद्ध अमुक, शुद्ध अमुक, असे चार रकाने त्यांत असत. वाचकानें हातांत लेखणी घेऊन आधीं तीं सर्व स्थळें दुरुस्त करावीं आणि मगच ग्रंथ वाचावा, अशी विनंतीही पुष्कळदां केलेली असे. ती विनंति किती वाचक मानीत, हा प्रश्न वेगळा. परंतु शुद्धिपत्राच्या मुळाशीं जी कल्पना होती ती मोठी प्रामाणिक होती. ग्रंथांत चुका राहावयाच्याच. त्या लपविण्यापेक्षां सांगाव्या, आणि सांगतांना 'पुस्तकांत कोठें तरी चूक आहे' असें मोघम न बोलतां पान, ओळ आणि शब्द यांसह सांगावें, हीच ती कल्पना होय.

आज ज्या व्यवहाराचा परिचय करून द्यावयाचा आहे तो या शुद्धिपत्राचाच नवा अवतार आहे. भेद इतकाच कीं, येथें ग्रंथ म्हणजे संगणकाची एक भाषा आहे. तिचे वाचक सर्व पृथ्वीवर पसरलेले आहेत. चुका दाखविणारे तेच आहेत. आणि शुद्धिपत्र वाचून ग्रंथांत फेरफार करण्याचें काम लेखणीऐवजीं यंत्र करीत असतें.

संगणकानें करावयाच्या कामाच्या आज्ञा माणसाला लिहितां याव्या आणि यंत्राला त्या बिनचूक समजाव्या, यासाठीं ज्या कृत्रिम भाषा निर्माण झाल्या त्यांना प्रोग्रामिंगच्या भाषा म्हणतात. अशा भाषेबरोबर एक दुभाषाही लागतो. हा दुभाषा म्हणजे स्वतःच एक लांबलचक प्रोग्राम असतो. माणसानें लिहिलेल्या आज्ञा तो वाचतो आणि यंत्राकडून त्यांप्रमाणें काम करवून घेतो. आतां दुभाषानेंच अर्थाचा अनर्थ केला, तर लिहिणारा कितीही सावध असला तरी त्याचा निरुपाय होतो. हिशेब बरोबर मांडूनही उत्तर चुकतें, आणि खोट आपल्या हिशेबांत नसून मापांतच आहे, हें त्या बिचाऱ्याच्या ध्यानींही येत नाहीं. एका प्रोग्रामांतील दोष एका घरापुरता असतो. भाषेंतील दोष गांवच्या पाणवठ्यांतला असतो.

अशा भाषांपैकीं पर्ल ही एक. लॅरी वॉल या अमेरिकन गृहस्थांनीं ती १९८७ च्या डिसेंबर महिन्यांत प्रथम प्रसिद्ध केली. वॉल यांनीं भाषाशास्त्राचा अभ्यास केलेला होता, आणि त्याचा ठसा त्यांच्या या कृत्रिम भाषेवरही उमटलेला आहे. लांबलचक मजकुरांतून हवी ती माहिती वेंचावी आणि तिचा सुटसुटीत तक्ता तयार करावा, एवढाच तिचा मूळ हेतु होता. पुढें तिचा उपयोग इतका वाढला कीं मानवी जनुकांची संहिता वाचण्याच्या जागतिक प्रकल्पांतील प्रयोगशाळांनीं आपापसांत माहितीची देवघेव करण्यासाठीं तिचाच आश्रय केला. पर्लची मूळ संहिता आरंभापासून सर्वांना खुली आहे. ती कोणीही पाहावी, उतरून घ्यावी, आपल्या सोयीप्रमाणें बदलावी. या रचनेला मुक्तस्रोत म्हणतात. मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे. ज्याला दोष आढळला त्याला तो मुळांत जाऊन पाहतां येतो, आणि अंगीं सामर्थ्य असल्यास त्याची दुरुस्तीही स्वतः लिहून पाठवितां येते, हें या मुक्ततेचें मर्म आहे.

संगणकांतील दोषाला इंग्रजींत 'बग' म्हणजे किडा असें म्हणतात. हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या संगणकांत ९ सप्टेंबर १९४७ रोजीं खरोखरच एक पतंग अडकलेला सांपडला आणि तो नोंदवहींत चिकटवून ठेवण्यांत आला, ही गोष्ट पुष्कळांनीं ऐकली असेल. परंतु यंत्रांतील बारीक दोषाला किडा म्हणण्याचा प्रघात त्याहून जुना असून एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रांतही तो आढळतो. दुरुस्तीला 'पॅच' म्हणजे ठिगळ म्हणतात. हें नांव एके काळीं अक्षरशः खरें होतें. पूर्वीं आज्ञा कागदी फितीवर भोंकें पाडून लिहीत, आणि भोंक चुकलें तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवून तें बुजवीत. फिती गेल्या; ठिगळाचें नांव मात्र राहिलें.

आजचें ठिगळ ज्या दोन साधनांनीं सिद्ध होतें तीं समजून घेण्यासारखीं आहेत. बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेंत १९७४ च्या सुमारास डग्लस मॅक्इलरॉय यांनीं 'डिफ' नांवाचा प्रोग्राम लिहिला. एकाच लेखाच्या दोन प्रती त्याच्या हवालीं केल्या कीं, पहिल्या प्रतींतील कोणत्या ओळी गळल्या आणि दुसरींत कोणत्या नव्या आल्या, हें तो मांडून दाखवी. याच्या उलट दिशेचें काम करणारा प्रोग्राम लॅरी वॉल यांनीं १९८५ सालीं, म्हणजे पर्ल प्रसिद्ध होण्यापूर्वीं दोन वर्षें, लिहिला आणि त्याचें नांवच 'पॅच' ठेवलें. डिफनें काढलेलें शुद्धिपत्र हा वाचतो आणि मूळ प्रत दुरुस्त करून देतो. यांतील खुबी अशी कीं, शुद्धिपत्रांत बदललेल्या ओळीबरोबर तिच्या मागच्यापुढच्या दोनतीन ओळीही उतरलेल्या असतात. मधल्या काळांत दुसऱ्या कोणीं ग्रंथांत वरच्या बाजूला दहा ओळी घातल्या असतील, तर ओळींचे आंकडे जुळत नाहींत. पण शेजारच्या ओळींची खूण पटवून हा प्रोग्राम योग्य स्थळ शोधून काढतो. शेजारही पार बदललेला असला, तर मात्र तो मनाचें कांहीं करीत नाहीं. तेवढा भाग नाकारून बाजूस ठेवतो आणि तसें सांगतो. परस्परांना कधींही न भेटलेल्या माणसांनीं एकच ग्रंथ मिळून सुधारावा, ही गोष्ट या साध्या युक्तीमुळें सुलभ झाली.

साधन हातीं असलें तरी कामाचा आरंभ होतो तो तक्रारीपासून. 'बरें वाटत नाहीं' एवढेंच सांगणाऱ्या रोग्याला वैद्यानें औषध काय द्यावें? 'तुमची भाषा चालत नाहीं' ही तक्रारही त्याच जातीची. उपयोगी पडणाऱ्या तक्रारींत चार गोष्टी असाव्या लागतात. आपण काय लिहिलें, त्यावर काय घडलें, आपल्या मतें काय घडावयास हवें होतें, आणि हें सारें कोणत्या यंत्रावर व भाषेच्या कोणत्या आवृत्तींत घडलें. पर्लबरोबर 'पर्लबग' नांवाचा एक मदतनीस प्रोग्रामच दिलेला असतो. दोष भाषेच्या गाभ्यांत आहे, तिच्या माहितीपुस्तकांत आहे कीं तिच्या जोडसाहित्यांत आहे, आणि तो किती गंभीर वाटतो, हें तो तक्रारदाराला क्रमानें विचारतो. आणि यंत्राची व आवृत्तीची जी माहिती माणसें हमखास विसरतात, ती आपण होऊन तक्रारीला जोडतो.

या चारांपैकीं 'काय घडावयास हवें होतें' हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. कारण पुष्कळदां झगड्याचें मूळ तेथेंच असतें. तक्रार हातीं आल्यावर तिचा निकाल तीन प्रकारांनीं लागूं शकतो. कधीं भाषा खरोखर चुकलेली असते. कधीं तक्रारदाराची समजूत चुकलेली असते. आणि कधीं भाषा ठीक, समजूतही स्वाभाविक, परंतु माहितीपुस्तकांतील वाक्यच असें संदिग्ध असतें कीं तें वाचून कोणाचीही तीच समजूत व्हावी. उतावळा कारभारी दुसरा व तिसरा प्रकार एकत्र करतो आणि 'हा दोष नव्हे' असा शेरा मारून प्रकरण मिटवितो. जाणता मनुष्य तसें करीत नाहीं. एका वाक्यावर दहा वाचक अडखळले, तर दुरुस्ती वाक्याला हवी, हें तो ओळखतो. पर्लच्या संहितेंत येणारीं पुष्कळ ठिगळें अशीं केवळ माहितीपुस्तकांतील वाक्यांना लागलेलीं असतात, आणि त्यांची योग्यता इतरांहून कमी मानली जात नाहीं.

तक्रारदाराकडून आणखी एक अपेक्षा असते, आणि ती थोडी कष्टाची आहे. दोष आढळलेला त्याचा प्रोग्राम दोन हजार ओळींचा असेल, तर त्यांतून अनावश्यक भाग एकेक करून काढीत जावें, आणि दोष कायम राहील इतकें पाहत पाहत तो पांचसात ओळींवर आणावा. गणितांतील अवघड उदाहरण सोपें रूप देऊन पाहण्याचाच हा प्रकार. या छाटणींत कित्येकदां असें होतें कीं, भाषेचा म्हणून मानलेला दोष आपल्याच चौदाव्या ओळींतील होता, हें तक्रारदाराला स्वतःच उमगतें. मग तक्रार करण्याचें कारणच उरत नाहीं, आणि दुसऱ्या कोणाचा तरी एक दिवस वांचतो. उलट पांच ओळींची निखळ तक्रार आली, तर दुरुस्त करणाऱ्याचें निम्मे काम झालेलें असतें.

यानंतर दोष शिरला केव्हां, याचा शोध घ्यावयाचा. मागील वर्षीं भाषा बरोबर वागत होती, यंदां चुकते. मधल्या काळांत हजार फेरफार झाले. त्यांतील अपराधी कोणता? मनांत धरलेली संख्या ओळखण्याचा खेळ मुलें खेळतात, तीच युक्ति येथें चालते. पांचशेव्या फेरफारापर्यंतची भाषा घेऊन पाहावी. तेथें दोष नसेल तर तो पुढच्या पांचशांत आहे. असेल तर मागच्या. मग अडीचशें, मग सव्वाशें, असें निमें निमें करीत गेल्यास हजारांतील एक फेरफार दहा परीक्षांत हातीं लागतो. पर्लच्या संहितेबरोबर हें काम आपोआप करणारा एक प्रोग्राम ठेवलेला आहे. यांत अपराध्याला पकडून शिक्षा करण्याचा हेतु नसतो. तो फेरफार कोणत्या चांगल्या उद्देशानें झाला होता, हें कळलें म्हणजे तो उद्देश न बिघडवितां दोष काढतां येतो.

आतां ठिगळ तयार झालें असें समजूं. तें लावण्यापूर्वीं त्याच्या कसोट्या कडक असतात. पहिला दंडक असा कीं, ठिगळाबरोबर एक चाचणीही हवी; आणि ती ठिगळ लावण्यापूर्वीं नापास होणारी व लावल्यानंतर पास होणारी असावी. ही चाचणी पुढें कायमची संग्रहांत जाते, म्हणजे तोच दोष पुन्हां डोकें वर काढील तर त्याच दिवशीं कळावें. पर्लबरोबर चाचण्या देण्याची प्रथा पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि आज त्यांची संख्या लक्षावधींत गेली आहे. दुसरी कसोटी निरनिराळ्या यंत्रांची. इंग्रजी वर्णमालेंतील अक्षरांना संगणकांत क्रमांक दिलेले असतात, आणि बहुतेक यंत्रांवर ते सलग असतात. परंतु आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर जी क्रमांकपद्धति चालते तिच्यांत 'आय' आणि 'जे' यांच्यामध्यें, तसेंच 'आर' आणि 'एस' यांच्यामध्यें, रिकामी जागा आहे. क्रमांक सलगच असणार असें गृहीत धरून लिहिलेलें ठिगळ लेखकाच्या घरच्या यंत्रावर उत्तम चालतें आणि तेथें सपशेल पडतें. तिसरी कसोटी सर्वांत व्यापक. पर्लमध्यें लिहिलेली हजारों तयार साधनें १९९५ पासून 'सीपॅन' नांवाच्या सार्वजनिक भांडारांत सांठत आलीं आहेत. नव्या फेरफारानें त्यांतील कोणतें मोडतें, हें अनेक स्वयंसेवक आपापल्या यंत्रांवर पाहतात, आणि मोडल्याची स्वतंत्र तक्रार नोंदवितात.

इतकें झाल्यावरही, ठिगळ लावावयाचें कीं नाहीं हें ठरवावयाचें कोणीं? पर्लच्या आरंभींच्या काळांत याचें उत्तर सोपें होतें. लॅरी वॉल ठरवीत. त्यांच्याविषयीं थट्टेनें दोन नियम सांगत असत. पर्लनें कसें वागावें याबाबत वॉल यांचें म्हणणें व्याख्येनेंच बरोबर असतें, हा पहिला; आणि पुढें केव्हांही आपलें मत बदलण्याची त्यांना मोकळीक आहे, हा दुसरा. थट्टा असली तरी तींत तथ्य होतें. निर्णय कोठें तरी थांबला पाहिजे, आणि चुकलेला निर्णय मागें घेतां आला पाहिजे.

परंतु कामाचा पसारा वाढला, आणि एका माणसानें सर्व ठिगळें लावणें अशक्य झालें. या भाषेचा भार वाहणारी जी मंडळी पुढें आली ती स्वतःला 'पोर्टर्स' म्हणवीत. एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर भाषा वाहून नेऊन तेथें ती चालती करणारे, असा त्याचा अर्थ. पण मराठी कानाला त्यांत हमालाचा भास होतो, आणि तोही अगदींच खोटा नाहीं. दोघांनीं एकाच वेळीं एकाच ग्रंथांत हात घातला तर घोटाळा व्हावयाचा. म्हणून एका वेळीं एकाच्याच हातीं अधिकार असावा असें ठरलें. या अधिकाराला नांव काय द्यावें, याचा विचार चालला असतां चिप साल्झेनबर्ग यांनीं आपल्या एका सहकाऱ्यानें सांगितलेली हकीकत पुढें केली. त्या सहकाऱ्याच्या जुन्या कचेरींत फितीवर नक्कल उतरविण्याचें यंत्र एकच होतें आणि तें वापरणारे संगणक अनेक होते. गर्दी टाळण्यासाठीं तेथें एक कापडी भोपळा ठेवलेला असे. भोपळा ज्याच्या हातीं असेल त्यानेंच यंत्राला हात लावावा. हेंच नांव पर्लच्या मंडळींनीं उचललें, आणि ठिगळें लावण्याचा अधिकार ज्याच्याकडे असेल त्याला 'पंपकिंग', म्हणजे भोपळ्याचा राजा, ही पदवी मिळाली. आपल्या शाळांत भोपळा मिळणें ही नामुष्की असते. तेथें तो बहुमान ठरला. मात्र हा मान सुखाचा नव्हता. शेंकडों ठिगळें वाचावयाचीं, तपासावयाचीं, पुष्कळ परत करावयाचीं, आणि परत केल्याचा रोषही सोसावयाचा, असें तें पद होतें.

एकाच्याच हातीं भोपळा ठेवल्याचा तोटाही कालांतरानें दिसून आला. ५.८.० ही आवृत्ति २००२ च्या जुलैंत निघाली, आणि तिच्या पुढची मोठी आवृत्ति ५.१०.० निघावयास २००७ चा डिसेंबर उजाडला. ज्यानें २००३ सालीं ठिगळ पाठविलें आणि तें स्वीकारलेंही गेलें, त्यालाही त्याचें फळ सर्वसामान्य वाचकांच्या हातीं पडलेलें पाहण्यासाठीं वर्षानुवर्षें थांबावें लागे. पुढें जेसी व्हिन्सेंट यांच्याकडे सूत्रें आलीं. तक्रारींची नोंद ठेवण्याची जी पद्धति पर्लमध्यें चालत होती तिचे कर्तेही तेच. त्यांनीं आवृत्ति काढण्याचें काम एकाच्या डोक्यावर न ठेवतां पायरीपायरीनें लिहून काढलें, म्हणजे तें पाहून दुसऱ्यालाही तें करतां यावें. दरमहा एक प्रायोगिक आवृत्ति निघूं लागली, आणि ती काढणारा स्वयंसेवक पाळीपाळीनें बदलूं लागला. ५.१२.० ही आवृत्ति २०१० च्या एप्रिलमध्यें आली, आणि तेव्हांपासून दर वर्षीं एक मोठी आवृत्ति हा परिपाठ पडला. २०१९ मध्यें तक्रारींची नोंद गिटहब या ठिकाणीं हलविण्यांत आली. आणि २०२० च्या अखेरीस नवे नियम होऊन पंपकिंगच्या जागीं निवडून दिलेल्या तिघांची समिति आली. एकतंत्री कारभारापासून पंचायतीपर्यंतचा हा प्रवास तेहेतीस वर्षांत झाला.

दुरुस्ती हें वरवर वाटतें तितकें निरुपद्रवी काम नव्हे, हें मात्र एका उदाहरणानेंच नीट कळेल. पर्लमध्यें 'हॅश' नांवाची एक सोय आहे. नांव सांगावें आणि त्या नांवाखालीं ठेवलेली वस्तु मिळावी, असा तो कोश असतो. त्याची रचना टपाल कचेरींतील पत्रें निवडण्याच्या खणांसारखी असते. प्रत्येक नांवावर एक ठराविक गणित करून तें कोणत्या खणांत जावें हें ठरवितात. हजार पत्रें हजार खणांत सारखीं पसरलीं, तर हवें तें पत्र एकदोन प्रयत्नांत हातीं येतें. परंतु खण ठरविण्याचें गणित सर्वांना ठाऊक असेल, तर एखादा खोडसाळ मनुष्य मुद्दाम अशीं नांवें निवडील कीं तीं सर्व एकाच खणांत पडावीं. मग प्रत्येक नवें पत्र ठेवतांना त्याच नांवाचें आधीं आहे काय हें पाहण्यासाठीं सारा खण चाळावा लागतो. हजार पत्रांना अशा तुलना जवळजवळ पांच लाख होतात, आणि पत्रें दसपट झालीं तर तुलना शंभरपट होतात. बिचारा संगणक दुसरें कांहीं न करतां त्यांतच गुंतून पडतो. अमेरिकेंतील राइस विद्यापीठाच्या स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलक यांनीं २००३ मध्यें हा धोका सप्रमाण मांडला, आणि त्यांच्या उदाहरणांत पर्लही होती.

उपाय स्पष्ट होता. दर वेळीं प्रोग्राम सुरू होतांना गणितांत एक गुप्त संख्या मिसळावी, म्हणजे कोणतें नांव कोणत्या खणांत जाईल हें बाहेरच्याला सांगतां येऊं नये. त्याच वर्षींच्या सप्टेंबरमध्यें निघालेल्या ५.८.१ या आवृत्तींत तसें केलें. परंतु त्यामुळें ५.८.० साठीं तयार करून ठेवलेलीं साधनें नव्या आवृत्तीशीं जुळेनात. म्हणून नोव्हेंबरमध्यें ५.८.२ काढून मध्यम मार्ग पत्करला. एरवीं जुनेंच गणित चालावें, आणि एखादा खण संशयास्पद रीतीनें भरूं लागला तरच गुप्त संख्या वापरून सर्व पत्रें पुन्हां मांडावीं. ही तडजोड जवळजवळ दहा वर्षें चालली. मग २०१३ मध्यें त्या तडजोडींतच एक छिद्र आढळलें. अशा धोक्याच्या दोषांची तक्रार उघड करीत नाहींत. ठिगळ तयार होईपर्यंत ती मोजक्या माणसांतच ठेवतात, कारण चोराला वाट दाखविणें कोणाच्याही हिताचें नसतें. मार्चमध्यें तें छिद्र बुजविण्यांत आलें, आणि मेमध्यें आलेल्या ५.१८.० या आवृत्तींत गुप्त संख्या दर वेळीं वापरण्याचा निश्चय झाला.

येथें खरी अडचण उभी राहिली. खण बदलले कीं पत्रें बाहेर काढण्याचा क्रमही बदलतो. कोशांतून वस्तु कोणत्या क्रमानें निघतील याविषयीं भाषेनें कधींच हमी दिली नव्हती, आणि माहितीपुस्तकांतही तसें लिहिलेलें होतें. परंतु व्यवहारांत तोच तोच क्रम येई. म्हणून कित्येकांनीं नकळत त्यावर भिस्त ठेवून प्रोग्राम लिहिले. ते आतां एका वेळीं चालूं लागले आणि दुसऱ्या वेळीं मोडूं लागले. ज्यांचें काम मोडलें ते म्हणाले, काल चालत होतें तें तुम्हीं बिघडविलें. भाषेचे कारभारी म्हणाले, हा दोष तुमच्याच कामांत आधींपासून होता, आम्हीं तो उघडा केला. वस्तुतः दोघांचेंही म्हणणें खोटें नव्हतें. दिलेलें वचन एक असतें आणि लोकांना पडलेली संवय दुसरी असते, आणि संवयीलाही व्यवहारांत वचनाचेंच मोल येतें. या प्रसंगीं जें शहाणपण दिसलें तें असें कीं, मोडलेल्या साधनांच्या कर्त्यांना केवळ नियम दाखवून कारभारी मंडळी थांबली नाहीं. प्रायोगिक आवृत्तींवर भांडारांतील साधनें चालवून कोणतीं मोडतात हें आधींच पाहिलें जाई, आणि त्यांच्या कर्त्यांकडे तक्रारीबरोबर तयार ठिगळेंही धाडलीं जात. पुष्कळ ठिकाणीं वस्तु क्रमानें लावून घेण्याचा एक शब्द घातला कीं काम भागे. दोष शोधणें सोपें जावें म्हणून ती गुप्त संख्या आपल्या हातानें ठरविण्याची सोयही ठेवण्यांत आली.

आतां या सर्व कामाला लागणाऱ्या मनुष्यबळाकडे वळूं. ठिगळें पाठविणारे आणि तीं तपासणारे बहुतेक बिनमोल काम करणारे असतात. पाठविणाऱ्याला वाटतें, एवढें आयतें करून दिलें, तें लावावयास यांना काय अवघड आहे? परंतु एकदां लावलेल्या ठिगळाची जबाबदारी तें पाठविणाऱ्यापेक्षां ठेवून घेणाऱ्यावर अधिक पडते. पाठविणारा उद्यां दुसऱ्या उद्योगाला लागेल. त्याच्या वीस ओळींचा अर्थ दहा वर्षांनीं दुसऱ्याच कोणाला लावावा लागेल. म्हणून तपासणारा संकोच करतो, आणि तो संकोच रास्त आहे. तथापि संकोच आणि मौन या दोन भिन्न गोष्टी आहेत. कारण सांगून आलेला नकार मनुष्य पचवितो. महिनोन्महिने उत्तरच आलें नाहीं तर तो दुसरें ठिगळ पाठवीत नाहीं, आणि एक होतकरू मदतनीस कायमचा तुटतो. मुक्तस्रोताच्या कामांत पैशाची तूट भरून काढतां येते, ही तूट भरून काढणें कठीण जातें.

दुसऱ्या बाजूनें, कंटाळवाणे जुने दोष हौसेनें कोण काढणार, हाही प्रश्न होताच. त्यासाठीं पर्ल फाउंडेशन या संस्थेनें २०१० पासून अनुभवी कारागिरांना वेतन देऊन हें काम करविण्याची रीत घातली. हौसेच्या कामांत पैसा शिरला कीं हौस मरते, असें म्हणणारेही असतात. परंतु वर्षानुवर्षें कोणी हात न लावलेले दोष त्यामुळें निघाले, हें नाकारतां येत नाहीं. आणि हौसेचा मानही राखलेला आहे. पर्लच्या संहितेबरोबर कर्त्यांच्या नांवांची एक यादी असते. तींत हजाराहून अधिक नांवें आहेत. माहितीपुस्तकांतील एक अशुद्ध शब्द सुधारणाऱ्याचें नांवही तींत लॅरी वॉल यांच्या नांवाबरोबर, त्याच अक्षरांत, येतें.

श्रोत्यांपैकीं बहुतेकांना संगणकाची भाषा लिहिण्याचा प्रसंग येणार नाहीं. परंतु घरोघरीं आज फोन आहे, बँकेचे आणि रेल्वे-तिकिटांचे व्यवहार त्यावर होतात, आणि 'चालत नाहीं' ही तक्रारही घरोघरीं होते. ती तक्रार पुढच्या वेळीं कोणाकडे न्यावयाची असेल, तेव्हां आपण काय केलें, काय घडलें, काय घडावयास हवें होतें, आणि यंत्र व आवृत्ति कोणती, या चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्या. त्यानें दोष आपोआप जाईल असें नाहीं. परंतु ऐकणाऱ्याला निदान शोधावयाचें कोठें हें कळेल. आणि लिहितां लिहितां चूक आपलीच होती असें आढळून आलें, तर तो कागद फाडून टाकण्यास कोणाची हरकत असणार नाहीं.